कंबरदुखीवरचे उपचार कसे निवडायचे: तुलना करण्याचा योग्य क्रम

कंबर धरली की पहिला प्रश्न असतो, ‘कशाने उतरेल?’ मग कुणी मालिश सुचवतं, कुणी पट्टा, कुणी योगासनं, तर कुणी थेट एमआरआय काढायला सांगतं. आठवड्याभरात हे सगळं एकदम सुरू होतं आणि महिन्याने दुखणं कमी झालं, तर गुण कशाचा आला हेच कळत नाही. कमी झालं नाही तर त्याहून वाईट. ‘सगळं करून झालं, आता ऑपरेशनच’ असं माणूस मनाशी ठरवून टाकतो.

यात बहुतेक वेळा चूक उपचाराची नसते, क्रमाची असते. दुखणं कोणत्या प्रकारचं आणि किती जुनं आहे हे न ठरवताच उपचारांची तुलना केली जाते. पायात उतरणाऱ्या कळेवर चालणारा उपाय नुसत्या कंबरदुखीवर निरुपयोगी ठरू शकतो आणि पहिल्या आठवड्यात पुरणारा उपाय सहाव्या महिन्यात पुरत नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: या दुखण्यात थांबून चालेल का?

कंबरदुखीच्या मागे गंभीर कारण क्वचितच असतं. पण असलं तर तुलना करत बसायला वेळ नसतो. पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला तातडीच्या विभागात जा:

- लघवी अडकणं, लघवी लागल्याचं न कळणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं
- सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे गुदद्वार, जननेंद्रियं आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होणं
- दोन्ही पायांत कळ, मुंग्या किंवा अशक्तपणा येऊन तो वाढत जाणं
- उतारवयात कंबर किंवा पोटात अचानक असह्य दुखून घाम फुटणं, चक्कर येणं

पहिल्या तीन लक्षणांमागे कॉडा इक्विना सिंड्रोम असू शकतो. त्यात मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा जुडगा दाबला जातो आणि दाब वेळेत काढला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाज वाटते म्हणून हे लक्षण सांगायचं राहतं, आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही तर ते तसंच निसटतं. विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगा. चौथ्या लक्षणात शंका येते ती पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटत असल्याची.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं अशीही काही चिन्हं आहेत: ताप किंवा थंडी वाजणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, विनाकारण वजन उतरणं, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारी वेदना. हाडं ठिसूळ असतील किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर साध्या ठेच-धडपडीनेही मणका दबू शकतो. कळ कुशीतून जांघेकडे लाटेसारखी येत असेल आणि लघवीला जळजळ किंवा रक्त असेल, तर मूतखड्याचा विचार आधी करावा लागतो.

घरी करून पाहा: आधाराला भिंत ठेवून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. एका पायाचा पंजा टाचेवर उचलला जात नसेल किंवा एका पायाच्या चवड्यावर शरीर पेलत नसेल, तर त्या नसेचं काम कमी झालंय. दुखणं कमी असलं तरी हे लगेच दाखवा. नसेच्या बाबतीत वेदनेपेक्षा ताकदीला जास्त महत्त्व द्यायचं असतं, आणि लोक नेमकं उलटं करतात.

हमखास सुटणारा एक प्रकार: दुखणं पंचेचाळिशीच्या आत सुरू झालंय, तीन महिन्यांहून जास्त चाललंय, सकाळी कंबर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली असते, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि बसून राहिल्यावर वाढून हिंडल्या-फिरल्यावर कमी होतं. हा सुजेचा संधिवात असू शकतो. त्यावरची औषधं पूर्ण वेगळी असतात आणि ती संधिवाततज्ज्ञ देतात. अशी माणसं कित्येक वर्षं ‘मणक्याची झीज’ म्हणून शेक घेत राहतात.

## टप्पा २: प्रकार आणि वय ठरवा

पहिल्या टप्प्यात काही सापडलं नाही, तर एका कागदावर दोन गोष्टी लिहा.

प्रकार. ढोबळमानाने तीन प्रकार धरा. पहिला, दुखणं कंबरेत, फार तर कुल्ल्यापर्यंत किंवा मांडीच्या मागे. एखादा ठरावीक आजार दाखवता येत नाही असं हे दुखणं असतं आणि दहातल्या साधारण नऊ जणांचं दुखणं याच प्रकारातलं असतं. याला साधं म्हणतात म्हणून ते सौम्य असतं असं नाही. उसण भरलेल्या माणसाला कुस बदलता येत नाही. दुसरा, कळ गुडघ्याखाली उतरते, कंबरेपेक्षा पाय जास्त ठणकतो, मुंग्या येतात, शिंकल्या-खोकल्यावर सणक जाते. ही सायटिका. तिसरा बहुधा साठीनंतर दिसतो. चालताना दोन्ही पाय भरून येतात, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर मोकळे होतात. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची ही खूण आहे.

वय. म्हणजे दुखण्याचं. सहा आठवड्यांच्या आतलं ताजं, सहा ते बारा आठवड्यांचं मधलं, तीन महिन्यांवरचं जुनं.

या दुसऱ्या नोंदीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि तुलना बिघडते ती इथेच. ताजं दुखणं बहुतेकांचं पहिल्या काही आठवड्यांत आपसूकच बरंच उतरतं. माणूस उपाय सुरू करतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे नेमका ते उतरणीला लागणार असतं तेव्हा. म्हणून तिसऱ्या आठवड्यात जे काही केलं जातं त्याचा ‘गुण येतो’. शेजाऱ्याला दहा दिवसांत ज्या तेलाने बरं वाटलं ते तेल तुमच्या वर्षभराच्या दुखण्याला लावून तुलना होत नाही. त्याचं दुखणं तेलाशिवायही दहा दिवसांत उतरलं असण्याची शक्यता मोठी.

पुढे जाण्याआधी: ‘कंबरेतच, चार आठवडे’ किंवा ‘डाव्या पायात घोट्यापर्यंत, नऊ आठवडे’ असं एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. येत नसेल तर दोन दिवस लक्ष ठेवा आणि मग लिहा.

## टप्पा ३: एमआरआयची घाई आवरा

रिपोर्ट हातात आला की त्यातले शब्द माणसाच्या मनात घर करतात: डिस्क बल्ज (दोन मणक्यांमधली गादी फुगणं), डिजनरेशन (झीज), एल फोर-एल फाइव्ह (कंबरेतला चौथा आणि पाचवा मणका). मग ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’ असं सांगत माणूस वाकायलाच घाबरतो.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन काढलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्यांची झीज दिसली. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होतं. यातल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती. म्हणजे रिपोर्टमधली झीज हेच दुखण्याचं कारण आहे, असं त्या कागदावरून सिद्ध होत नाही. ती केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूणही असू शकते.

एमआरआय उपयोगी पडतो तो मोजक्या वेळी: पहिल्या टप्प्यातलं चिन्ह असेल तेव्हा, नसेची ताकद कमी होत असेल तेव्हा, किंवा पायातली कळ सहाएक आठवड्यांनंतरही हटत नाही आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार चाललाय तेव्हा. रिपोर्टमुळे पुढचा उपचार बदलणार असेल तरच तो काढण्यात अर्थ आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यात काहीही आलं तरी आपण पुढे वेगळं काय करणार आहोत?’

## टप्पा ४: उपचाराआधी मोजमाप लिहा

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण तो गाळतो. आधीची नोंद नसली की महिन्याने ‘थोडं बरं वाटतंय, बहुतेक’ एवढंच सांगता येतं. चार नोंदी करा:

1. गेल्या आठवड्यातलं सरासरी दुखणं, ० ते १० मध्ये. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. पाय दुखत असेल तर त्याचा आकडा वेगळा.
2. जमत नसलेली तीन कामं आणि प्रत्येक किती जमतं याचा आकडा. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं.
3. दुखण्यामुळे रात्री किती वेळा जाग येते.
4. आठवड्यात किती वेदनाशामक गोळ्या लागल्या.

दुसरी नोंद सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती नेमकी हवी. ‘नीट बसता येत नाही’ असं लिहू नका. ‘पाठ टेकून खुर्चीत २० मिनिटं बसणं: ३. उभ्याने मोजे घालणं: २. भरलेली बादली न्हाणीपर्यंत नेणं: ०’ असं लिहा. उपचारांचा परिणाम बऱ्याचदा आधी कामांत दिसतो आणि दुखण्याचा आकडा मागून हलतो. फक्त दुखण्याकडे पाहणारा माणूस गुण येत असलेला उपचार मध्येच सोडून देतो.

दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी नोंद करा. रोज नको, रोज मोजलं की लक्ष दुखण्यावरच खिळतं. दुखण्याचा आकडा दोनने किंवा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला तर ती खरी सुधारणा धरतात. सातचा साडेसहा झाला तर तो नेहमीचा चढउतार समजा.

## टप्पा ५: आपल्या प्रकारातल्या पर्यायांची तुलना

प्रत्येक पर्यायाला चार प्रश्न विचारा. आराम किती? तो टिकतो किती काळ? अपाय काय? आणि उद्या ते माणूस किंवा यंत्र हाताशी नसेल तर मला काय करता येईल? चौथा प्रश्न विचारला की अनेक आकर्षक पर्याय मागे पडतात.

### ताजं दुखणं, कंबरेपुरतं

झोपून राहणं की हिंडणं-फिरणं? हिंडणं-फिरणं. १९८६ च्या एका प्रयोगात दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणात राहण्याचा सल्ला तपासला गेला. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा झाला नाही, त्यांचे कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या प्रयोगात तर झोपून राहणं, ठरावीक व्यायाम आणि झेपेल तेवढे रोजचे व्यवहार यांची तुलना झाली आणि रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. पहिल्या दिवशी उठवतच नसेल तर पडून राहायला हरकत नाही, पण तासा-दोन तासांनी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारा. ताज्या उसणीत जड व्यायामाचा तक्ता सुरू करण्याची गरज नाही.

शेक. थोडा आराम, थोडा वेळ, अपाय जवळपास नाही. गरम पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. ती घेऊन झोपी जाऊ नका. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने त्वचेची जाणीव कमी असेल तर भाजल्याचं कळत नाही, तेव्हा तापमान दुसऱ्याला पाहू द्या.

गोळ्या. पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून आधी घेतली जाते. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे १७ दिवसांत आणि औषध नसलेली गोळी घेणारे १६ दिवसांत बरे झाले. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा फायदा होतो, पण माफक. त्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यायच्या. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी फायद्यापेक्षा गुंगीच जास्त येते; घेतल्यास गाडी चालवू नका. अफूवर्गीय वेदनाशामकं २०२३ च्या चाचणीत ताज्या कंबर-मानदुखीवर सहा आठवड्यांनंतर औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. सवय लागण्याचा धोका वेगळाच.

इशारा: पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, उच्च रक्तदाब, दमा किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा गरोदरपण असेल, तर सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन वेगळ्या नावांच्या अशा गोळ्या एकाच वेळी घेणं ही घराघरांतली चूक आहे. नाव वेगळं असलं तरी त्या एकाच वर्गातल्या असतात. पाकिटावर लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचा.

मालिश आणि मणके हाताळून मोकळे करणं. थोडा आराम मिळू शकतो, टिकाऊ नाही. हाडं ठिसूळ असतील, पायाची ताकद कमी होत असेल किंवा पहिल्या टप्प्यातलं कुठलंही चिन्ह असेल तर कुणालाही कंबरेला झटका देऊ देऊ नका.

### जुनं दुखणं, तीन महिन्यांवरचं

इथे गणित उलटं होतं. शेक, गोळ्या, मालिश हे मागे सरतात आणि व्यायाम पुढे येतो. २०२१ मध्ये २४९ चाचण्यांचा आढावा घेतला गेला. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीची देखभाल घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या पट्टीवर सरासरी १५ गुणांनी कमी होतं. हा चमत्कार नाही, पण एवढं सातत्याने देणारं दुसरं फारसं काही हाती नाही.

पुढचा प्रश्न असतो, कोणता व्यायाम? यावर नको इतकी चर्चा होते. पोटाच्या स्नायूंचे, पिलाटिस, वजनं उचलणं, पोहणं, योगासनं, हे सगळे प्रकार काहीच न करण्यापेक्षा चांगले आहेत आणि त्यांच्यातला आपसातला फरक लहान आहे. २०१७ मध्ये ३२० जणांवर झालेल्या प्रयोगात १२ आठवड्यांचे योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरले. तेव्हा पुढचे सहा महिने जो खरोखर होईल तोच व्यायाम तुमचा. घरापासून लांबचा उत्तम वर्ग दुसऱ्या महिन्यात सुटतो.

चालण्याला वेगळी ओळ द्यायला हवी, कारण त्याला काही लागत नाही. २०२४ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नुकत्याच दुखण्यातून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, सोबत फिजिओथेरपिस्टचं थोडं मार्गदर्शन होतं. दुखणं पुन्हा उलटेपर्यंत त्यांचे मधल्या हिशेबाने (म्हणजे निम्म्यांचे याहून कमी, निम्म्यांचे जास्त) २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांचे ११२.

मनाचा भाग. ‘समुपदेशन घ्या’ म्हटलं की रुग्ण दुखावतो. आपलं दुखणं खोटं ठरवलं असं वाटतं. तसं नाही. दुखणं जुनं होतं तेव्हा मेंदू आणि नसा जास्त हळव्या होतात आणि वाकण्याची भीती, झोपमोड, ताण यांनी ते वाढतं. २०२३ मध्ये ४९२ जणांवरच्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनेच रुग्णाची भीती, सवयी आणि हालचाल यांवर एकत्र काम केलं. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात बैठका झाल्या आणि फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. ‘वाकलो तर काहीतरी तुटेल’ असं मनातून वाटत असेल, तर हा पर्याय यादीत वर घ्या.

यंत्रं आणि पट्टे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्णाला दुखण्याची माहिती देणं, व्यायाम, मानसिक उपचार, मालिश, मणके हाताळणं हे तिने सुचवलं. कमरपट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अफूवर्गीय वेदनाशामकं नेहमीच्या वापरासाठी नकोत असं सांगितलं. ट्रॅक्शनवर दोन-दोन आठवडे घालवणारे लोक पाहिले की वाटतं, तोच वेळ चालण्यात गेला असता तर बरं. पट्टा जड सामान हलवताना तासभर बांधला तर काही बिघडत नाही; दिवसभराची सवय नको.

सुया टोचण्याबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने ॲक्युपंक्चर नको म्हटलं, अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये ते चालेल म्हटलं. अशा मतभेदाचा व्यवहारातला अर्थ इतकाच घ्या की फायदा असलाच तर लहान आहे. निर्जंतुक सुया असतील तर जोडीला करून पाहा, व्यायामाच्या जागी नको.

### सायटिका

इथे वेळ हाच मोठा उपचार आहे, आणि तोच सर्वांना नकोसा वाटतो. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बऱ्याचदा आपणहून जिरवतं आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. या काळात चालतं राहा, वेदना वाढवणारी स्थिती टाळा आणि दर आठवड्याला टाच-चवड्याची चाचणी करा.

नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन सर्रास दिली जाते. २०१७ च्या चाचणीत सायटिकावर तिने औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त आराम दिला नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर एकदम बंद करू नका; डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. मणक्याजवळचं स्टेरॉइड इंजेक्शन पायातली तीव्र कळ काही आठवडे कमी करू शकतं. झोप मिळावी, चालता यावं यासाठी त्याचा उपयोग आहे. पायात कळ नसलेल्या साध्या कंबरदुखीसाठी ते घेऊ नये.

नसांची वाट अरुंद झालेल्यांनी चालण्याऐवजी किंचित पुढे झुकून चालवायची व्यायामाची सायकल वापरून पाहावी. तीच स्थिती त्यांच्या पायांना सोसते.

## टप्पा ६: एक मुख्य, एक जोडीचा, आणि मुदत

आता निवडा. मुख्य उपचार एकच, दुखण्याच्या प्रकाराला आणि वयाला साजेसा. जोडीला एक आराम देणारा, जसं शेक किंवा मालिश. तिसरा नाही. नवीन काही सुरू करायचं तर आधीचं चालू झाल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्या.

मुदत आधीच लिहा. ताज्या दुखण्यात गोळीला काही दिवस पुरतात. हाताने केलेल्या उपचाराला तीन-चार बैठका द्या. व्यायामाला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि लोक तो साधारण दहाव्या दिवशी सोडतात, कारण पहिल्या पंधरवड्यात अंग दुखतंच.

व्यायाम वाढवताना ही खूण ठेवा. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर ठीक. सकाळपर्यंत उतरलं नाही तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. पायातली कळ खाली सरकत घोट्याकडे गेली तर तो विशिष्ट व्यायाम थांबवा. कळ पाय सोडून वर कंबरेत गोळा झाली, तर कंबर जास्त दुखली तरी ते बहुधा चांगलं चिन्ह आहे. नेमक्या याच वेळी घाबरून चांगला व्यायाम सोडला जातो.

इथे होणाऱ्या आणखी काही चुका: बरं वाटलेल्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकणं आणि पुढचे तीन दिवस आडवं होणं, पुढची दहा सत्रं एकदम ठरवून टाकणं, म्हणजे गुण नसला तरी ती पुरी करावीशी वाटतात, आणि फळीवर झोपणं. २००३ मध्ये ३१३ जणांवर झालेल्या प्रयोगात मध्यम कडक गादी अगदी कडक गादीपेक्षा सरस ठरली होती.

## टप्पा ७: मुदत संपली की निर्णय

चौथ्या टप्प्यातले आकडे काढा आणि आजचे शेजारी लिहा. कामांचा आकडा दोनने वाढला असेल तर तोच उपचार पुढे न्या आणि जोडीचा बंद करून पाहा. कामांचा आणि दुखण्याचा असे दोन्ही आकडे जागेवर असतील तर उपचार बदला, पण आधी स्वतःला विचारा: ठरवलेल्यापैकी प्रत्यक्ष किती झालं? निम्माही व्यायाम झाला नसेल तर तो फसला असं म्हणता येत नाही. कामांचा आकडा खाली किंवा दुखण्याचा वर गेला असेल तर पहिल्या टप्प्यापासून पुन्हा तपासा. ‘ही माझी नेहमीचीच कंबर’ असं गृहीत धरण्यात नवं दुखणं सुटून जातं.

## टप्पा ८: ऑपरेशन सुचवलं गेलं तर

ताकद वेगाने जात असेल किंवा लघवीचा ताबा सुटला असेल तर तुलना नाही, लगेच करा. बाकी वेळी विचाराला जागा असते.

सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर मिळाला. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच. वर्षअखेरीला मात्र दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ विकत मिळते. कामावर लवकर परतणं भाग असलेल्याला तो सौदा पटेल, घरी थांबू शकणाऱ्याला कदाचित नाही, आणि दोघेही बरोबर असतील.

पाय न दुखता फक्त कंबर दुखते म्हणून मणके जोडण्याचं ऑपरेशन सुचवलं तर सावध व्हा. वर उल्लेख केलेली ब्रिटनची मार्गदर्शिका साध्या कंबरदुखीसाठी ते करू नये असंच सांगते, अपवाद फक्त संशोधन-चाचणीचा.

सर्जनना विचारायचे प्रश्न लिहून न्या: ऑपरेशन पायातल्या कळेसाठी आहे की कंबरेसाठी? स्कॅनमध्ये दबलेली नस आणि माझी कळ जिथे जाते ती जागा जुळते का? आणखी सहा आठवडे थांबलो तर काय गमावेन? सहा महिन्यांनी मला काय करता येईल आणि काय येणार नाही? पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता किती?

दुसरं मत घेताना स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या, आणि पहिल्या सर्जनने काय सुचवलं ते तपासणी होऊन त्यांचं मत ऐकेपर्यंत सांगू नका.